कुणाला काही?

लाँड्रीतला दिवस एका प्रश्नाने सुरू होई. भोंगा वाजला की सगळी माणसं धुलाईच्या मोठ्या यंत्रांसमोर गोळा होत. सुपरवायझर साहेब खिशातलं पेन काढून परत खिशात ठेवत. आज रुग्णालयाच्या चादरी किती, हॉटेलचे टॉवेल किती, कुठली गाडी आधी निघणार, ते सांगत आणि शेवटी दाराकडे वळता वळता विचारत, "कुणाला काही?"

"काही नाही," सगळे म्हणत.

कीर्तनात बुवांनी ओळ टाकली की मागे उभी असलेली मंडळी ती उचलतात, तसं एका सुरात. फरक एवढाच, की तिथे ओळ उचलणाऱ्याला ती कुणासाठी गातोय हे ठाऊक असतं. इथे नुसती री ओढली जाई. छताजवळच्या पाइपातून धुलाईवाल्या काकांच्या टाळूवर थेंब थेंब पाणी पडत असे, तरी काका ओल्या कपाळाने "काही नाही" म्हणत. मिस्त्रीची दाढ सुजली होती तेव्हा त्याला तोंड उघडता येईना, म्हणून त्याने नुसती मान हलवली. साहेबांना आवाजात काहीतरी कमी वाटलं, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. मिस्त्रीने गालावर हात दाबून "कायी नायी" म्हटल्यावरच काम सुरू झालं.

साहेब वाईट होते असं मुळीच नाही. ते सुपरवायझर झाले त्या दिवशी मालकांनी त्यांना सांगितलं होतं, "रोज विचारत जा. माणसांना बरं वाटतं." म्हणून ते विचारत. कुणी उत्तर दिलं तर पुढे काय करायचं, ते मालकांनी सांगितलं नव्हतं, आणि साहेबांनी विचारलं नव्हतं.

त्या घोळक्यात थोरली नेहमी मागच्या रांगेत असे. तिचं काम रोलरच्या बाहेरच्या बाजूला. रोलर म्हणजे चादरींना इस्त्री करणारं भलंमोठं यंत्र: तापलेलं लांबलचक लोखंडी नळकांडं. एका बाजूने ओलसर चादर आत सरकवायची, दुसऱ्या बाजूने ती कोरडी, कडक, गरम बाहेर येते. थोरली ती झेलायची आणि घडी घालायची.

ही थोरली साहेबांची सख्खी वहिनी.

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा साहेब शाळेत जात होते आणि त्यांना बुटाची नाडी बांधता येत नव्हती. सासूबाईंना वेळ नसे, म्हणून नव्या नवरीने दिराला गाठ मारायला शिकवलं. शिकवण जरा जास्तच मुरली. भाऊजी गाठीवर गाठ मारू लागले, आणि संध्याकाळी त्या सोडवायला पुन्हा वहिनीच लागे. अजूनही घरात नवा शर्ट घ्यायचा तर ते वहिनीला विचारून घेत, आणि तिने "शोभत नाही हं" म्हटलं की मुकाट्याने परत करत.

पण ते घरात. लाँड्रीत ती लागली त्याच्या आदल्या संध्याकाळी ते घुटमळत तिच्याजवळ आले होते.

"वहिनी, तिथे जरा... साहेब म्हणाल तर बरं पडेल. नाहीतर लोक म्हणतील, सगळा घरचाच कारभार आहे."

"म्हणते की. त्यात काय एवढं?"

"आणि मी तुम्हाला घडीवाल्या बाई म्हणेन. रागावू नका."

"अहो, घडी घालणाऱ्या बाईला काय विमान चालवणारी म्हणणार?"

तेव्हापासून ओली छत्री दाराबाहेर ठेवावी तसा ती 'भाऊजी' फाटकाबाहेर ठेवून आत जाई.

साहेबांची बायको, म्हणजे थोरलीची धाकटी जाऊ, तीही तिथेच होती. पक्षपात झाला असं कुणी म्हणू नये म्हणून साहेबांनी तिला सगळ्यांत तापलेलं काम दिलं, रोलरमध्ये चादर सरकवण्याचं. तेवढ्यानेही त्यांचं समाधान होईना. बायकोकडे बघतो असं कुणाला वाटू नये म्हणून ते रोलरच्या त्या बाजूला बघतच नसत. काही सांगायचं झालं तर भिंतीकडे तोंड करून म्हणत, "रोलर, जरा वेग वाढवा." धाकटी घरी नवऱ्याला 'अहो' म्हणे. इथे साहेब म्हणायला तिला हसू यायचं आणि अहो म्हणायची सोय नव्हती, म्हणून ती त्यांना काहीच म्हणत नसे. फार गरज पडली तर खोकत असे.

आता कुणी म्हणेल, लाँड्रीत नाही तर नाही, घरी बोलता येत असेल. तर तेही नव्हतं. पूर्वी एकदा जेवताना लाँड्रीच्या पगारवाढीवरून दोघा भावांची जुंपली, आमटीचं भांडं लवंडलं, आणि सासूबाईंनी जाहीर केलं, "या घरात पाऊल टाकलं की लाँड्रीचं नाव काढायचं नाही. मला माझ्या घरात शांतता पाहिजे." सासूबाईंचा शब्द म्हणजे शब्द. तेव्हा लाँड्रीत घरचं बोलायचं नाही आणि घरात लाँड्रीचं बोलायचं नाही. राहता राहिला मधला रस्ता. तर साहेब स्कूटरने जात आणि दोघी जावा चालत.

आणि बोलण्यासारखं तर होतं.

रोलरच्या तोंडाशी, चादर आत जाते तिथे, एक आडवी दांडी असते. चादरीबरोबर चुकून हात आत जाऊ लागला की तो दांडीला लागतो आणि रोलर जागच्या जागी थांबतो. दांडीचं काम एवढंच. पण ही दांडी फार हळवी. चादरीचा चोळामोळा लागला तरी थांबे. मग सुरू करायला मिस्त्री लागे, मिस्त्री आला की चहा लागे. हॉटेलचं मोठं काम आलं तेव्हा साहेबांनी फाटक्या चादरीची एक चिंधी घेऊन दांडी वर बांधून टाकली. "दोन दिवसांपुरती," ते म्हणाले.

हॉटेलचं काम संपलं. चिंधी राहिली. पुढे ती वाफेने पिवळी पडली. मालक पाहणीला येणार म्हटल्यावर साहेबांना ती मळकी चिंधी काही बरी दिसेना. त्यांनी मिस्त्रीला नवी पट्टी आणायला लावली. मिस्त्रीने पांढरीशुभ्र पट्टी आणली, थोरलीच्या टेबलावर ठेवून इस्त्रीसुद्धा करून घेतली, आणि साहेबांनी ती स्वतःच्या हाताने बांधली. मालक येऊन गेले. रोलरपाशी थांबून म्हणाले, "स्वच्छता चांगली आहे."

थोरली हे सगळं बघत होती. तिला वाईट वाटत होतं, पण वाईट वाटणं आणि बोलणं यांत मोठं अंतर असतं. देवाने जीभ एकच दिली, आणि तीही दातांच्या आत ठेवली.

मग एका दुपारी रोलरमधून चादरीच्या मागोमाग एक हातमोजा बाहेर आला.

गरम चादरी धरायच्या म्हणून चादर सरकवणाऱ्या बायका सुती हातमोजे घालत. त्यातला हा डावा. पाचही बोटं पसरलेली, पापडासारखा सपाट, कडक इस्त्री झालेला. थोरलीने तो उचलला. हातांना सवय असते, म्हणून तिने त्याची मधोमध घडी घातली. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कशाची घडी घातली. तिने ती उलगडली. हातमोज्यात कुणी नव्हतं. तरी तिने तो उलटा करून पाहिला.

रोलरच्या पलीकडे धाकटी उभी होती. डावा हात उजव्या काखेत घट्ट दाबून धरलेला. चेहरा चादरीसारखा पांढरा. तिच्या शेजारी चादरीचं दुसरं टोक धरणारी चष्मेवाली चष्मा पुसत होती, आणि पुसतच राहिली.

"बघू हात," थोरली पळत जाऊन म्हणाली.

धाकटीने हात काढला. बोटं होती. सगळी. टोकं लाल झाली होती, एवढंच.

"सुटला म्हणून..." धाकटी म्हणाली. "मोजा सैल होता म्हणून सुटला. घट्ट असता तर..."

"बोलू नकोस."

"मोजा द्या इकडे. चादरी साचल्यात." तिने तो घातला. "अगंबाई, गरम आहे," ती म्हणाली आणि हसायला गेली, पण हसू काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी पेन काढलं, पेन ठेवलं, गाड्या सांगितल्या आणि विचारलं, "कुणाला काही?"

"काही नाही," सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज धाकटीचा होता. थोरलीने स्वतःचं तोंड मिटून ठेवायचं ठरवलं होतं, आणि तिला ऐकू आलं की तीही म्हणते आहे.

त्या दिवशी परतताना रस्त्यात थोरली म्हणाली, "मी सांगते भाऊजींना."

"नको हं, जाऊबाई. पाया पडते तुमच्या. ह्यांना वाटेल, मीच तुमच्या तोंडून बोलवतेय. सुपरवायझरच्या बायकोला काम जड जातंय म्हणतील लोक. ह्यांची मान खाली जाईल."

"आणि तुझा हात आत गेला म्हणजे मान वर राहील का?"

धाकटीने डाव्या हाताची बोटं मिटली. म्हणाली, "मी मोजे सैलच घालेन."

रात्रीच्या जेवणाला थोरलीने वाढता वाढता सुरुवात केली. "भाऊजी, तो रोलर आहे ना..."

"थोरले," सासूबाई म्हणाल्या.

एवढंच. बाकी काही म्हणायची त्यांना गरज नसे. भाऊजींनी ताटाकडे बघत भात कालवला. थोरलीने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मीठ दे जरा." आणि नंतर खोलीत आल्यावर म्हणाला, "तू कशाला वाईटपणा घेतेस? तिच्या नवऱ्याला दिसत नाही का?"

"नाही दिसत. तो तिकडे बघतच नाही."

"मग तूही बघू नकोस."

नवरा मनाने चांगला होता. फक्त त्याच्याकडे सल्ला मागायची सोय नव्हती.

याच सुमारास मालकांनी कुठूनतरी ऐकलं, की माणसं मोकळेपणाने बोलली की काम सुधारतं. त्यांनी शहरातून एक शिकवणाऱ्या बाई आणल्या. बाई गोड होत्या. त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं, की चूक दिसली तर बोलायला भिऊ नका, बोलणाऱ्याला कुणी रागावणार नाही. मग विचारलं, "इथे बोलायला ज्यांना अजिबात भीती वाटत नाही, त्यांनी हात वर करा बरं." साहेब मागे उभे होते. त्यांनी उत्साहाने हात वर केला. ते बघून सगळ्यांनी केले. धाकटीने डावा केला. बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मालकांना म्हणाल्या, की असं खुलं वातावरण फार कमी ठिकाणी बघायला मिळतं.

बाई गेल्यावर मालकांनी एक पाटी पाठवली: 'इथे मोकळेपणाने बोला.' भिंतीवर एकच खिळा रिकामा होता, रोलरच्या बरोबर वर, जिथे रोलर चालू असताना शेजारच्याचंही ऐकू येत नसे. त्याच्या शेजारच्या खिळ्यावर जुनी पाटी होती: 'कामाच्या वेळी बोलू नये.' दोन्ही पाट्या एकाच मापाच्या निघाल्या, त्यामुळे भिंत छान दिसू लागली.

थोरली रोज त्या पाट्यांखाली घड्या घाली. चादर आली की आधी तिच्या मागून काही येतंय का बघे, मग घडी घाली. त्यामुळे तिचं काम मागे पडू लागलं. साहेब भिंतीकडे बघून म्हणाले, "घडीवाल्या बाई, हात जरा चालवा."

"हो, साहेब."

त्या आठवड्यात हॉटेलचं दुसरं मोठं काम आलं. सकाळी सगळे गोळा झाले. साहेबांनी गाड्या सांगितल्या आणि म्हणाले, "आज रोलर सगळ्यात वरच्या वेगावर चालेल. आणि बरं का, हे सैल हातमोजे बंद. चादरी नीट धरता येत नाहीत. रोलरसाठी नवीन घट्ट मोजे मागवलेत." मिस्त्रीने मोजे धाकटीच्या हातात दिले. धाकटीने डावा घातला. अगदी बरोबर बसला. जणू मापाने शिवला होता. मनगटाला बटणसुद्धा होतं. तिने ते लावलं.

साहेब दाराकडे वळले.

"कुणाला काही?"

"काही नाही," सगळे म्हणाले, आणि त्याच सुरात, त्या सुराच्या शेपटीला, मागच्या रांगेतून एक शब्द जास्तीचा आला:

"भाऊजी!"

तो थोरलीचा होता. तिने तो म्हणायचं ठरवलं नव्हतं. फाटकाबाहेर ठेवलेला तो शब्द आत कसा आला, तिला कळलं नाही. सगळी लाँड्री वळून तिच्याकडे बघू लागली. पण त्याहून मोठी गंमत पुढे झाली. साहेब दारात होते तिथून गर्रकन वळले आणि, इतक्या वर्षांची जिभेची सवय, म्हणाले, "काय वहिनी?"

म्हटल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण शब्द गेला होता. आणि 'काय वहिनी' म्हणून झाल्यावर वहिनीचं ऐकून घेण्यावाचून जगात दुसरा मार्ग नाही.

"ती दांडी सोडा आधी," थोरली म्हणाली. तिला स्वतःचा आवाज स्वयंपाकघरातला वाटला. "त्या मोज्याला बटण आहे. मागच्या वेळी मोजा सैल होता म्हणून हात सुटला हिचा. मोजा इस्त्री होऊन आला माझ्या टेबलावर. मी घडी घातली त्याची, भाऊजी. बोटांची घडी घातली मी."

छतावरून काकांच्या डोक्यावर एक थेंब पडला.

साहेबांनी पेन काढलं. त्यांना ते कुठे ठेवायचं ते सुचेना. मग त्यांच्यातला सुपरवायझर जागा झाला, आणि त्याने चारचौघात विचारायचा तो प्रश्न विचारला. "दांडी कुणी बांधलीय?"

"काही नाही," दोघंतिघं सवयीने म्हणाले.

"मी फक्त पट्टी आणून दिली," मिस्त्री म्हणाला. "इस्त्री करून."

पुढे कुणी बोलेना. थोरलीही गप्प झाली. तिचं होतं नव्हतं ते धैर्य त्या एका शब्दात खर्च झालं होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून खोकल्याचा आवाज आला. साहेबांनी भिंतीकडे बघितलं. पुन्हा खोकला. मग भिंतीकडे बघून भागणार नाही असं काहीतरी त्यांना वाटलं असावं. त्यांनी मान वळवली आणि, लाँड्रीत पहिल्यांदाच, बायकोकडे बघितलं. घट्ट मोज्यातल्या तिच्या हाताकडे.

"अहो," धाकटी हळू म्हणाली. "तुम्हीच बांधलीत."

साहेब रोलरपाशी गेले. दांडीच्या गाठीला हात घातला. गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी एक. वाफेने आवळून दगड झालेली. ते नखांनी ओढत राहिले. गाठ सुटेना. त्यांचे कान लाल झाले. मागे सगळी माणसं उभी, वर दोन पाट्या.

"सरका," थोरली म्हणाली. तिने टेबलावरची बोथट कात्री आणली, पण कापलं नाही. टोक गाठीत घालून हलकेच फिरवलं, जशी बुटाच्या नाडीत घालायची तशी. गाठ सुटली. दांडी खाली आली, आणि आपल्या जागी टक्कन बसली.

"शिकवताना सांगितलं होतं," थोरली पुटपुटली, "एकच पुरे म्हणून."

"हो, वहिनी," साहेब म्हणाले. मग जरा घसा साफ करून मोठ्याने म्हणाले, "रोलर आज हळू चालेल. थांबला तर थांबेल." आणि ऑफिसात गेले. दार उघडंच राहिलं, म्हणून टेलिफोनवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं.

"हो, मालक. गाडी उशिरा निघेल... कारण? कारण काही नाही." इथे बराच वेळ शांतता. "नाही, म्हणजे आहे. आहे, मालक. दांडी मीच बांधून ठेवली होती. बायका हात घालतात तिथली. हो, ऐकतोय... बोला... हो... ऐकतोय."

बराच वेळ ते ऐकतच होते. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. पण दांडी खालीच राहिली, आणि मोज्यांचं बटण मिस्त्रीने स्वतःहून कापून टाकलं.

त्या दिवशी जेवताना सासूबाईंनी मुलाकडे बघून विचारलं, "आज तोंड का पाडलंय?" आणि स्वतःच म्हणाल्या, "नको, नको सांगू." धाकटीने ताट वाढून पुढे ठेवलं. भाऊजी ताटाकडे न बघता तिच्या डाव्या हाताकडे बघत होते. सासूबाईंना ते दिसलं. त्यांनी बराच वेळ घास हातात धरला. मग म्हणाल्या, "सांग बाबा. पण भांडी लवंडायची नाहीत."

पुढच्या सकाळी साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, पण दाराकडे न वळता. "कुणाला काही?" कुणी काही म्हणेना. 'काही नाही'सुद्धा नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते, जणू गाणं संपलंय आणि आता हात कुठे ठेवायचे कळत नाही. शेवटी धुलाईवाले काका वर बोट दाखवून म्हणाले, "साहेब, ते पाणी..."

"कधीपासून पडतंय?"

"मी इथे लागलो तेव्हा थोडं कमी पडायचं."

पाइप दुरुस्त झाला. काका दोन-तीन दिवस सवयीने टाळू पुसत होते.

आणि मग एक दुपार. रोलर चालू होता, चादर थोरलीच्या टेबलावर उतरत होती. अर्धी आली, आणि खटकन सगळं थांबलं. रोलरचा आवाज बंद झाला की लाँड्रीत इतकी शांतता होते, हे कुणाला माहीत नव्हतं. थोरलीचे हात पसरलेले, त्यांवर अर्धी गरम चादर. पलीकडचं तिला काही दिसेना. तिला हलताही येईना. ऑफिसच्या दारातून साहेब धावत निघाले होते, आणि ते भिंतीकडे बघत नव्हते.

मग पलीकडून धाकटीचा आवाज आला. जरा कापरा, पण स्वच्छ.

"जाऊबाई," ती म्हणाली, "काही नाही."